अळीची पंगत

खुळखुळ. बीटी कपाशीचं पहिलं पाकीट गावात आलं तेव्हा सलीमभाईनं ते कानाशी धरून हलवलं होतं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी प्रत्येक पाकीट तो असं हलवायचा आणि मग दोन्ही हातांनी पुढं करायचा. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण न हलवलेलं पाकीट आमच्या गावात कोणी घेत नसे.

त्याच्या बियाण्याच्या दुकानासमोर माझी चहाची टपरी, दुसरबीडच्या रस्त्याला. मी बोलतो कमी. कमी बोलणाऱ्याजवळ किस्से साचत जातात. लोक चहा पिऊन जातात, गोष्ट मात्र इथंच सोडून जातात.

*

त्या मोठ्या पाकिटासोबत एक लहान पाकीट फुकट यायचं. त्यात साधी सरकी, बीटी नसलेली. सलीमभाई प्रत्येकाला बजावायचा, "हे वावराच्या कडंनं लावा. अळीले तिथं खाऊ द्या. नाहीतं ती आतल्या बीटीच्या जहराले सरावन, मंग कोनाचंच आयकनार नाही."

बाकावर नामदेवभाऊ बसलेले. माजी सरपंच. गावात शेवटचा शब्द त्यांचा, आणि पहिलाही त्यांचाच. म्हणाले, "म्हंजे मी नांगरायचं, मी निंदायचं, अन् अळीले पंगत वाढायची? तिची सोयरीक हाये का माह्यासंग?"

सारा बाक हसला. त्या लहान पाकिटाचं नाव 'अळीची पंगत' पडलं ते पडलंच. सलीमभाई दरसाल सांगायचा, लोक दरसाल हसायचे.

*

मतदानाला मशीन आलं त्या वर्षीची गोष्ट. आमच्या गल्लीतली गंगूबाई शाळेतून मत देऊन थेट टपरीवर आली. चेहरा उतरलेला.

"काय झालं, बाई?"

"बटन दाबलं तं मशीन वरडलं न बाप्पा. साऱ्या शाळेले कळलं असन, मी कोनाले मत देल्लं ते."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, "घाबरू नको. ते सगळ्यांसाठी सारखंच वाजतं."

तिनं घोटभर पाणी पिऊन विचार केला. "मंग तं ते पुढाऱ्यावानीच झालं," म्हणाली. "सगळ्याईले एकच बोलते."

*

ग्रामसभेत आमच्याकडं हात वर करून ठराव होतात. खरं तर लोक हात वर करत नाहीत, नामदेवभाऊंच्या हाताकडं बघतात. त्यांचा वर गेला की सगळ्यांचे जातात.

एकदा सौरदिव्याची चर्चा चालली होती. दिवा शाळेसमोर लावायचा की सरपंचाच्या गोठ्यासमोर. चर्चा लांबली, तशी नामदेवभाऊंना चहाची तलफ आली. त्यांनी मला खूण करायला हात वर केला. सरपंच नेमका तेव्हाच विचारत होता, "गोठ्यासमोर कोनाकोनाले मंजूर?"

सगळ्या सभेचे हात वर. मला वाटलं सगळ्यांनाच चहा पाहिजे. मी मोजायला लागलो.

सरपंचाची म्हैस आजही उजेडात रवंथ करते.

*

मग गुलाबी बोंडअळीचं साल आलं. बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत अळी. त्या साली टपरीवर कोणी फारसं हसलं नाही. माणसं चहा समोर ठेवून नुसती रस्त्याकडं बघत बसायची.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरला, 'सलीमचं बियाणं बोगस.' सलीमभाईही त्याच ग्रुपात. त्यानं मला फोन दाखवला. पाठवणारे नामदेवभाऊ.

तेवढ्यात नामदेवभाऊच आले. सलीमभाईनं हळूच विचारलं, "भाऊ, हे तुमी लिवलं?"

"म्या काऊन लिहू बे? मले आला, म्या समोर ढकलला. आलेलं अडवून कसं ठिवाव?"

आणि ते सलीमभाईच्याच दुकानात गेले. त्यांचा फोन तिथं चार्जिंगला होता.

सलीमभाई हसला, पण चहा अर्धा ठेवून उठला. जाताना म्हणाला, "चाचा, गावानं घेनं बंद केलं तं मले दुकान आवरून बीबी गावाले जा लागन, मेहुन्याच्या हाताखाली." तीस वर्षं मी त्या माणसाच्या समोर बसलोय. त्याचा अर्धा चहा मी बशीनं झाकून ठेवला.

*

ग्रामसभा भरली. सलीमकडून बियाणं घ्यायचं की नाही, एवढाच विषय.

हात वर करायला कोणी तयार होईना. सगळ्यांना सलीमभाईच्या तोंडावर नाही म्हणायची लाज. नामदेवभाऊंनीच तोड काढली, "गुप्त मतदान करू. हे घागर ठिवली. ज्याचा इस्वास असन त्यानं तुरीचा दाना टाकावा, नसन त्यानं सरकी. मुठ झाकून. कोनी वरडनार नाही, गंगूबाई, भेऊ नको."

तूर सरपंचाच्या घरून आली. "सरकी माह्याघरून आनतो," म्हणत नामदेवभाऊ स्वतः गेले आणि पिशवी भरून घेऊन आले. पिशवी सतरंजीवर उलटी केली.

लहान लहान पाकिटं. दरसालची. एकही फोडलेलं नाही.

"घ्या," ते म्हणाले, "घरी नुसतेच पडून होते."

कोणीच हात पुढं केला नाही. ज्याला त्याला आपापल्या घरच्या फळीवरची असलीच पाकिटं आठवली असावीत. गंगूबाई वाकली, एक पाकीट डोळ्याजवळ धरून पाहिलं.

"अगं माय," ती म्हणाली, "हे तं अळीच्या पंगतीचं व्हय."

नामदेवभाऊ पाकिटांकडं बघत राहिले.

सलीमभाई उठून पुढं आला. त्यानं एक पाकीट उचललं. सवयीनं कानाशी नेऊन हलवलं. खुळखुळ. मग दुकानात द्यायचा तसं, दोन्ही हातांनी नामदेवभाऊंच्या पुढं केलं.

नामदेवभाऊंनी ते घेतलं, बंडीच्या खिशात ठेवलं. तुरीच्या ढिगातला एक दाणा उचलला. मूठ झाकली नाही. सगळ्यांना दिसेल असा तो घागरीत टाकला, टोपी नीट केली आणि घराकडं चालू लागले.