तीन शिक्क्यांचा अर्ज

एका बाईचं घर मी घालवलं. पाडलं नाही, बळकावलंही नाही, नियमानं घालवलं. नियम माझा होता, अर्ज मी बाद केला, आणि जी खोली तिला मिळायची तिच्यात पुढे चार वर्षं मी राहिलो. हे सगळं माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असल्यामुळे नाकारायची सोय नाही.

संस्थान विलीन होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. कोल्हापुरात तेव्हा पाच माणसं चहाला बसली की उठताना त्यांची समिती झालेली असायची. आमच्या पेठेत तीन संस्था होत्या: एक तालीम, एक विद्यार्थ्यांचं बोर्डिंग आणि एक भगिनी मंडळ. तालमीला वाटायचं, बोर्डिंगमध्ये पुस्तकं खाऊन पोरं वाळतात. बोर्डिंगला वाटायचं, तालमीत नुसती अंगं वाढतात. भगिनी मंडळाला दोघांचंही म्हणणं पटायचं. पण राहायला जागा नाही ही तक्रार तिघांच्याही दारात यायची. गुळाच्या अडतीवरचे हमाल, टांगेवाले, प्राथमिक शाळेतले मास्तर, खेड्यातून आलेली कुटुंबं एका खोलीत दोन-दोन संसार करत होती. शेवटी तिघांनी मिळून एक चाळ बांधायची ठरवली आणि संयुक्त गृहसमिती जन्माला आली.

मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो. अक्षर चांगलं, आणि कोणाशी भांडण नाही. चिटणीस व्हायला तेवढं पुरलं.

बैठका आळीपाळीनं तिन्ही ठिकाणी व्हायच्या. तालमीत लाल मातीच्या हौदाशेजारी सतरंजीवर बसायचं आणि बदाम घातलेलं दूध प्यायचं. पितळी पेला रिकामा झाला की वस्ताद तो पुन्हा भरायचे. "घ्या की मास्तर, न्हायतर ठराव कसा पेलंल तुमाला?" म्हणायचे. तिथले ठराव लवकर व्हायचे, कारण तिसऱ्या पेल्यानंतर विरोध करायला कोणाला बळ उरत नसे. बोर्डिंगात खुर्च्या होत्या, चहा मात्र पाणचट, त्यामुळे तिथे वाद चालायचे. भगिनी मंडळात चिवडा उत्तम मिळायचा आणि मागच्या बैठकीत कोण काय चुकीचं बोललं ते अध्यक्षीणबाई सर्वांना ऐकवायच्या.

पहिल्या तीन बैठका पाटीवर गेल्या. चाळीवर तिन्ही संस्थांची नावं लावायची होती, वर कोणाचं? तालीम सर्वांत जुनी, बोर्डिंगची जमीन, भगिनी मंडळाची मूळ कल्पना. मी तोडगा काढला: पाटी गोल करावी आणि नावं कडेनं लिहावीत. सगळे खूश झाले. मग बोर्डिंगचे सुपरिंटेंडेंट म्हणाले, "गोल असली तरी खिळ्याला टांगल्यावर कोणीतरी वर येणारच." तेव्हा ठरलं की मधोमध एकच खिळा ठोकायचा आणि दर चार महिन्यांनी पाटी एक-तृतीयांश फिरवायची. ते काम माझ्याकडे आलं. मी ते एकदाही चुकवलं नाही. घरं बांधणाऱ्या समितीच्या चिटणिसानं सर्वांत नेमानं काय केलं असेल तर ते हेच.

काम मात्र झालं, हे सांगायला हवं. बोर्डिंगनं स्वयंपाकघरामागची जागा दिली. तालमीतल्या पैलवानांनी सकाळचा व्यायाम म्हणून दगड वाहिले. जोर काढण्यापेक्षा हे बरं, असं त्यांतले काही म्हणू लागले तेव्हा वस्तादांनी दगड वाहून झाल्यावर पुन्हा जोर काढायला लावले. भगिनी मंडळाच्या बायका घरोघर फिरून जुनी दारं-खिडक्या मागून आणत. त्यामुळे चाळीच्या प्रत्येक खोलीचं दार वेगळ्या उंचीचं झालं. एक दार तर कोणाच्या तरी घोड्याच्या पागेचं होतं. त्याच्यावर आत-बाहेर दोन्हीकडून नाल ठोकलेले.

आता मावशी. बोर्डिंगात त्या भाकरी करायच्या. विधवा, गावाकडच्या, मूलबाळ नाही. दुपारी तालीम सारवायच्या आणि संध्याकाळी भगिनी मंडळात पापड लाटायच्या. तिन्ही संस्था एकाच माणसाच्या हातावर उभ्या होत्या, पण हे कुठल्याच वार्षिक अहवालात आलं नव्हतं. त्यांचं खोपटं स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला टेकून होतं, म्हणजे बरोबर आमच्या चाळीच्या जागेवर. खोपटं काढायचं कसं, यावर आम्ही बैठक लावली. बैठकीच्या आदल्या दिवशी मावशींनी ते स्वतःच उतरवलं. पत्रे घडी घालावी तसे एकावर एक रचून ठेवले आणि मला विचारलं, "मास्तर, मला मिळंल न्हवं एक खोली?"

"मावशी, पहिली खोली तुमची," मी म्हणालो.

मी हे मनापासून म्हणालो होतो. तेच आज जास्त टोचतं.

मावशी उचगावला भाच्याच्या घरी राहायला गेल्या. सोप्यात, शेळ्यांच्या शेजारी. रोज पहाटे तिथून चालत यायच्या आणि दिवस मावळता चालत जायच्या. चाळ होईपर्यंतचा प्रश्न आहे, असं आम्ही सगळे म्हणायचो.

खोल्या बारा धरल्या होत्या. प्रत्येक संस्थेनं चार कुटुंबांची शिफारस करायची, अर्जावर संस्थेचा शिक्का मारायचा. पण तालमीतल्या एका पैलवानानं तालमीचाही शिक्का आणला आणि मेव्हण्याच्या ओळखीनं बोर्डिंगचाही. दोन संस्थांत जुंपली. ती मिटवायला मी नियम लिहिला: एकाहून अधिक संस्थांचा शिक्का असलेला अर्ज बाद समजावा. टाळ्या वाजल्या. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

पुढच्या आठवड्यात मावशी अर्ज घेऊन आल्या. कागद नीट घडी करून पदराखाली. त्यावर तिन्ही शिक्के होते. बोर्डिंगचा निळा, मंडळाचा जांभळा, तालमीचा इतका जोरात मारलेला की कागद मागून फुगला होता.

"तिन्ही कशाला आणलेत, मावशी?"

"तिघांचंबी काम करते. एकाचाच घेतला तर बाकीच्या दोघांस्नी वाईट वाटंल की."

सगळ्या पेठेत तिन्ही संस्थांनी एकमतानं पसंत केलेलं हे एकच माणूस, आणि माझ्या नियमानं तेवढंच बाद होत होतं. मी कागद ठेवून घेतला. एका शिक्क्यावर नवा अर्ज लिहून द्यायला दहा मिनिटं लागली असती. मी ती दिली नाहीत. त्यांना कोणाच्या चार खोल्यांत बसवायचं, यावर पुन्हा जुंपेल अशी मला भीती होती. इतिवृत्तात मी लिहिलं: "एक अर्ज तांत्रिक कारणास्तव बाद." तिघांनी न वाचता सह्या केल्या. त्या दिवशी बैठक तालमीत होती.

मावशींना मी सांगितलं, "अर्ज नियमात बसत नाही. पुढच्या इमारतीत बघू."

"बसत न्हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "बरं." आणि पीठ मळायला गेल्या.

चाळ उभी राहिली तेव्हा खोल्या तेरा निघाल्या. गवंडी म्हणाला, "कोपरा मोकळा ऱ्हायलता, दगडबी उरलता. घेतली एक काढून." बारा खोल्यांची वाटणी बिनतक्रार झाली होती, तेराव्यानं आम्हाला हैराण केलं. भगिनी मंडळाला ती शिवणवर्गाला हवी होती, बोर्डिंगला आजारी मुलांसाठी, तालमीला व्यायामाचे जड मुद्गल ठेवायला. दोन महिने गेले. एखाद्या माणसाला राहायला द्यावी असं कोणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं. मी बोललो नाही. मी म्हणालो, समितीचं कार्यालय करू. तिघांनाही पटलं. खोली दुसऱ्याला मिळत नाही ना, एवढं पाहून आमचं एकमत व्हायचं.

कार्यालयात एक टेबल, एक कपाट आणि ती गोल पाटी आली. मग कागदांना राखण हवी असा मुद्दा निघाला. तो मीच काढला. मी तेव्हा बायको आणि दोन मुलींसह एका बोळात, दिवसा कंदील लावावा लागे अशा खोलीत राहत होतो. खरं सांगायचं तर कार्यालयाचा ठराव मांडण्याआधीच मी तेराव्या खोलीत पावलं टाकून पाहिली होती. आमचा पलंग बसत होता. पागेचं दार त्याच खोलीला होतं. महिन्याभरात मी समितीचा निवासी चिटणीस झालो.

खिडकी बोर्डिंगच्या स्वयंपाकघराकडे उघडत असे. रोज सकाळी मावशी उचगावहून चालत येऊन, पायावर पाणी ओतून, आत जाताना दिसायच्या. पावसाळ्यात लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं असायचं. त्यांनी मान वर करून कधी पाहिलं नाही. तरी पहिल्याच पावसाळ्यात मी त्या खिडकीला कपाट लावलं. हवा येत नाही म्हणून बायको चार वर्षं तक्रार करत होती.

दरम्यान आमची चाळ प्रसिद्ध झाली. आजूबाजूच्या गावांतून बोलावणी येऊ लागली: वेगवेगळ्या संस्था एकत्र येऊन घरं कशी बांधतात, ते सांगा. मी व्याख्यानं द्यायला लागलो. "संस्थांनी आपापली नावं विसरली पाहिजेत," असं मी म्हणायचो, आणि परत येऊन पाटी फिरवायचो.

एकदा उचगावला शाळेत सभा ठेवली. मी जायला नको होतं. पण नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. मी तासभर बोललो. शेवटी सरपंच म्हणाले, "कुणाला काय इचारायचं आसंल तर इचारा पावण्यांना."

मागे, बायकांत, मावशी उठल्या. कोल्हापूरचं काम उरकून, चालत येऊन त्या तशाच सभेला बसल्या होत्या.

"मास्तर, आता शिक्के किती लागत्यात?"

लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारी काहीतरी सरकारी कामाचं विचारतेय. पण मावशी हसत नव्हत्या, टोमणाही मारत नव्हत्या. पुढच्या इमारतीत बघू, असं मी म्हणालो होतो. त्या खरोखर विचारत होत्या.

मी म्हणालो, "एक." आणि खाली बसलो. सरपंचांनी हार घातला.

दुसऱ्या दिवशी मी तिघांकडे गेलो. वस्ताद म्हणाले, "आँ? तिला खोली न्हाय? आमी शिक्का मारलता की! आमाला वाटलं बोर्डिंगनं दिली." सुपरिंटेंडेंट म्हणाले, "मला वाटलं भगिनी मंडळाच्या चारांत असतील. गावी राहणं आवडत असेल, असं समजलो." अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आणि तुम्हाला काय वाटलं होतं, मास्तर? तुम्हाला तर माहीतच होतं."

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती भांडी बांधायला लागली. "चार वर्षं मी त्या उंबऱ्यावर रांगोळी काढतेय," एवढंच म्हणाली. आठ दिवसांत आम्ही दुसऱ्या एका बोळात गेलो. तिथेही दिवसा कंदील लागे.

समितीची बैठक झाली. नियम काढून टाकला. खोली मावशींना द्यायची ठरली. मग सुपरिंटेंडेंटनी विचारलं, नोंद कोणत्या संस्थेच्या नावावर करायची? वस्तादांनी मांडी थोपटली. एवढ्यात अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "नोंद राहू द्या. किल्ली द्या." इतिवृत्तात न आलेला आमचा हा एकमेव निर्णय, आणि तोच एक माझ्या मते चांगला.

किल्ली घेऊन मी उचगावला चालत गेलो. त्या वाटेनं पायी मी पहिल्यांदाच गेलो, लांब आहे. मावशी सोप्यात बसून तांदूळ निवडत होत्या. मी किल्ली सुपात ठेवली. त्यांनी ती उचलून उलटसुलट पाहिली.

"कुनाची ही?"

"तुमची. तेराव्या खोलीची."

"तिथं तर तुमी ऱ्हातासा."

"राहत होतो."

त्यांनी सूप बाजूला सारलं. मी उभाच होतो. "बसा की, मास्तर. का आनखी भाषण हाय?"

"भाषण नाही, मावशी. तुमचा अर्ज बरोबर होता. बाद करायचा नव्हता, आणि तो नियमानं बाद केला नाही, मी केला. पहिली खोली तुमची, असं तुम्हाला सांगून मी शेवटची स्वतः घेतली, आणि तुम्ही रोज येताना दिसू नये म्हणून खिडकीला कपाट लावलं. चार वर्षं तुम्हाला चालायला लावलं. मला माफ करा."