लाईन गेल्यावरचा ठेका

सत्तारभाई ड्रमच्या काठ्या हातात घेण्याआधी छताकडे पाहत. नवख्या माणसाला वाटे, ते देवाचं नाव घेत असावेत. पण त्यांना फक्त पंखा पाहायचा असे. पंखा फिरत असला तर लाईन आहे, आणि लाईन असली तरच विनायकची गिटार आणि माझी बेस गिटार वाजणार. ड्रमला विजेची गरज नव्हती. तरीही पंख्याची काळजी तेच करत.

खामगावात कापूस बाजाराजवळ त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. दुपारी पिंजायचं यंत्र बंद झालं की त्याच खोलीत आमची तालीम चाले. विनायक नागपूरला शिकून परतला होता. तिथल्या हॉस्टेलातून त्याने हेवी मेटलची एक कॅसेट आणली आणि दुकानात लावली. सत्तारभाई तेव्हा लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवायचे. आमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे. त्यांनी कॅसेट शेवटपर्यंत ऐकली आणि यंत्राकडे बोट दाखवून म्हणाले, "मी दिवसभर हेच तं ऐकतो बे. याचे पैसे मियतात का?"

पैसे कधीच मिळाले नाहीत. एका गणेश मंडळाने दोन गाण्यांनंतर आरती वाजवायला सांगितली, तर सत्तारभाईंनी तीही वाजवली, आमच्याच वेगात. तो वेग गाठताना टाळ्या वाजवणाऱ्या लोकांची धावपळ होत होती. आमच्या बँडचं नाव 'खारं पाणी', लोणारच्या तळ्यावरून ठेवलेलं. गाणी मी लिहायचो, विनायक गायचा.

ते भारनियमनाचे दिवस होते. तालमीच्या मध्येच लाईन जायची. गिटार मुकी, बेस मुकी, विनायकचा आवाज ड्रमखाली बुडालेला. सत्तारभाई मात्र थांबायचे नाहीत. लाईन येईपर्यंत ते एकटे वाजवत, आणि आम्ही जागेवर उभं राहून मुक्या तारांवर बोटं चालवत राहायचं, असा त्यांचा नियम होता. मी एकदा गादीवर टेकलो, तर ते वाजवता वाजवता म्हणाले, "पुस्तक्या, लाईन सरकारची हाय. ठेका आपला हाय. ऊठ." लाईन आली की आम्ही नेमक्या जागी परत शिरायचो. बाहेर उभी असलेली गिऱ्हाइकंही मान डोलवायची.

एक कॅसेट निघाली आणि आम्ही पांगलो. विनायक पुण्याला नोकरीवर गेला, मी शेगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झालो. सत्तारभाई दुकानातच राहिले. तीसेक वर्षांनी कुणीतरी ती कॅसेट इंटरनेटवर टाकली, अनोळखी तरुण मुलं तिच्याबद्दल बोलू लागली, आणि विनायकने पुन्हा अल्बम करायचं ठरवलं. तोवर सत्तारभाईंना लकव्याचा एक झटका येऊन गेला होता. उजवा पाय ओढत चालायचे. विनायक मला बाजूला घेऊन म्हणाला, ड्रम कॉम्प्युटरवर करता येतील. ते सत्तारभाईंनी ऐकलं. मग त्यांनी ड्रमवरची चादर काढली आणि पंख्याकडे पाहिलं.

रेकॉर्डिंग दुकानातच झालं, कापसाच्या पोत्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणून. विनायकचा लॅपटॉप बॅटरीवर चालत होता. शेवटचं गाणं 'विवर'. ते मध्यावर आलं आणि लाईन गेली. सत्तारभाई वाजवत राहिले. आम्ही सवयीने उभे होतो. थोड्या वेळाने त्यांचा उजवा पाय अडखळू लागला, मग पूर्णच थांबला. पायाचा मोठा ड्रम गप्प झाला. मी विनायककडे पाहिलं. आता हे पडतील, असं दोघांच्याही मनात होतं. पण त्यांनी पायाचं काम हातांवर घेतलं. वेग उतरत गेला, प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा जड पडू लागला. लाईन आली तेव्हा आम्ही त्याच उतरलेल्या वेगात शिरलो आणि गाणं तसंच संपवलं.

विनायकला तो भाग कापायचा होता. सत्तारभाई म्हणाले, "काट ना. पन मंग त्याच्यावर माहं नाव नको लावू." विनायक दोन दिवस धुमसत राहिला आणि अल्बम जसाच्या तसा बाहेर पडला.

पहिलं परीक्षण पुण्याच्या एका तरुणाचं आलं. शेवटच्या गाण्यात ड्रमवादक थकतो, बँडने त्याला वेळेवर निवृत्त करायला हवं होतं, असं त्याने लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवताना घुटमळलो, तर सत्तारभाईंनी सगळं वाचायला लावलं. नंतर बराच वेळ ते नुसते कापूस चाचपत बसले होते. मग मुंबईच्या एका नामांकित समीक्षकाचा लेख आला. त्याच गाण्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं की वेग उतरवण्याचा हा निर्णय म्हणजे वार्धक्यावरचं मोठं चिंतन आहे. लगेच मुंबईच्या एका महोत्सवाचं बोलावणं आलं, आणि त्या समीक्षकांना फोनवर तिघांशी बोलायचं होतं.

विनायक त्यासाठी पुण्याहून आला. दुकानात बसून त्याने सत्तारभाईंना पुन्हा पुन्हा बजावलं की ते ठरवून केलं होतं असंच सांगायचं. या वयात मुंबईचं स्टेज पुन्हा मिळायचं नाही. "तुझ्यासाठीच सांगतो सत्तारभाई. लकव्याचं कळलं तर ते तुला स्टेजवर घेणार नाहीत." मला ठाऊक होतं, त्यांना त्या स्टेजवर जायचं होतं. त्यांच्या बायकोने, नसीमभाभींनी, काळा शर्ट इस्त्री करून ठेवलाही होता.

फोन आला. समीक्षक अदबीने बोलत होते. त्या निर्णयामागचा विचार त्यांनी विचारला. विनायकने फोन सत्तारभाईंच्या पुढे सरकवला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. सत्तारभाईंनी वर पाहिलं. पंखा फिरत होता.

"इचार कायचा साहेब," ते म्हणाले. "मले लकवा झाला होता. लाईन गेली, मंग पाय गेला. हात होते, हातानं वाजवलं. पुन्याच्या पोरानं बराबर लिवलं, मी थकलो होतो."

विनायकने डोळे मिटले. मग समीक्षकांनी एकच विचारलं, मग तुमच्या त्या नव्या वेगात हे दोघे इतके अचूक कसे आले?

सत्तारभाईंना प्रश्नच कळला नाही. "थे तिथंच उभे होते ना," ते म्हणाले.

महोत्सववाल्यांचे फोन त्यानंतर कमी झाले. ड्रमवादक बदलता येईल का, असं त्यांनी विनायकला विचारलं. त्याने काय उत्तर दिलं ते आम्हाला कळवलं नाही. तो पुण्याला परतला आणि सत्तारभाईंशी बोलेनासा झाला. सत्तारभाई मला विचारायचे, "विन्या काऊन रुसला बे? मी खोटं बोललो का?" दिवाळीनंतर त्यांना दुसरा झटका आला. विनायक पोचला तेव्हा दफन होऊन गेलं होतं.

कब्रस्तानातून आम्ही दुकानात आलो. कापसाच्या पोत्यांमध्ये दोघंच बसलो. मी महोत्सवाचं विचारलं. तो म्हणाला, "त्यांनी विचारलं त्याच दिवशी नाही म्हणून कळवलं होतं. सत्तारभाईला सांगायचा धीर झाला नाही." मग त्याने मोबाईलवर 'विवर' लावलं.

लाईन जाण्याची जागा आली. आमचे आवाज तुटले आणि सत्तारभाई एकटे वाजवू लागले. पाय अडखळला. विनायक गादीवरून उठून उभा राहिला. मीही उठलो. बोटं आपोआप चालू लागली होती. वेग उतरत गेला, आणि लाईन आली तिथे आम्ही दोघं बरोबर शिरलो. गाणं संपल्यावरही कुणी बसलं नाही.