मरळीची राखण

मी त्या घरात नांदायला गेले तेव्हा दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. आम्ही भोई. काष्टीकडच्या मोठ्या तळ्यात आमची जाळी चालत. पण खाणवाल्यांनी मासे मारायला सुरुंग उडवून उडवून तळ्यातली मरळ पार संपवली होती.

एक दिवस तळ्यावरचा सरकारी साहेब आमच्या अंगणात आला. नकाशा पसरून म्हणाला, "नदीच्या डोहातून जिवंत मरळ आणून तळ्यात सोडायची. दोन पावसाळे जाळं बंद."

"आन आमी काय खायाचं?" सासूनं विचारलं.

"इतकी वर्षं मासे खाल्लेत. आता माशांना खाऊ द्या."

सगळे हसले. सासराही.

सासऱ्याला त्या बेतानं झपाटलंच. मातीत बोटानं तळं काढून तो साहेबाला लव्हाळ्याच्या जागा दाखवू लागला. आम्ही बायकांनी घागरींत घालून मरळी डोक्यावरून वाहिल्या. चालताना त्या आतून धडका देत. साहेबानं सासऱ्याला खाकी कोट दिला आणि राखणीला बसवलं. माझा नवरा मजुरीसाठी साखर कारखान्यावर निघून गेला.

पहिल्याच पावसाळ्यात लव्हाळ्यापाशी तांबड्या पिल्लांचा थवा तरंगला, खाली त्यांची आई. सासरा आनंदानं रडला. त्याच दिवसांत मी बाळंत झाले, आणि मला दूध येईना. बाळंतिणीला मरळीचा रस्सा द्यावा म्हणून सासूनं गळ टाकून एक मरळ काढली. सासऱ्यानं सासूला काठावरच धरलं.

"पिल्लांची आई मारलीस!"

"आन हितं लेकराच्या आईला दूध न्हाई, त्याचं काय?"

सासऱ्यानं मनगट धरून तिला साहेबाच्या बंगल्यावर नेलं. त्या दिवशी गावचा बाजार होता. साहेबानं तीच मरळ तिच्या गळ्यात बांधून तिला बाजाराच्या रस्त्याकडेला बसवलं. दुपारपर्यंत वास सुटला. लोक नाक धरून बघून जात. शेजारी कोट घालून सासरा उभा. मी बाळाला घेऊन समोर गेले, तर म्हणाला, "घरी जा. सरकारी काम हाय."

त्याच पंधरवड्यात बाळ गेलं.

दोन पावसाळे सरले आणि तळं उघडलं, ते बाहेरच्या ठेकेदारासाठी. सासऱ्याचा कोट काढून घेतला. आम्ही कारखान्यावर राहायला गेलो. सासू आली नाही, पाथर्डीला भावाकडे गेली. सासरा तिला आणायला गेला, मी सोबत होते. ती दारात आली, त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "कोन पाहिजे तुमाला?"

तो तिचं नाव घेत होता, तोवर तिनं आतून कडी लावली.