लेकीची गाठ आम्ही शेतात पुरली

आमच्यात माणूस जाळत नाहीत, पुरतात. बसवून, कपाळाला विभूती लावून, बेलाची पानं वाहून. अंगातून काही निघालं तर तेही मातीलाच द्यायचं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही आम्हाला वेडं म्हणाल. म्हणालात तरी म्हणा बापडे, मी स्वतःला रोज म्हणते.

माझी लेक चिंचोळी एमआयडीसीत टॉवेल तपासायच्या कामावर आहे. निसटलेला एक धागा तिच्या नजरेतून सुटत नाही, पण स्वतःच्या गळ्यातली सुपारीएवढी गाठ तिला दिसली नाही. मला दिसली. ती पाणी पीत होती आणि घोटाबरोबर गाठ वर गेली, खाली आली.

सुई घालून तपासलं, काही कळेना. मग थायरॉईडची ती अर्धी बाजू गाठीसकट काढली. त्याचा रिपोर्ट यायला वेळ होता. टाके काढायच्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसाने माझ्या हातात एक डबी ठेवली. आत मेणाचे पाच चौकोन, प्रत्येकाला प्लास्टिकची चौकट, चौकटीवर नंबर.

"हे काय हो?"

"पेशंटची गाठ आहे, मेणात बसवलेली. रिपोर्टला लागतं तेवढं घेतलंय. जपून ठेवा." आणि मान वळवून, "चला, पुढचे कोण?"

कशासाठी जपायची, एवढं एक वाक्य बोलायला त्याची जीभ झिजली असती का?

घरी आलो तर अक्कलकोटकडच्या आमच्या गावाहून थोरल्या जाऊबाई आलेल्या. मी त्यांना अक्का म्हणते, लेक दोड्डव्वा. लेकीला बघायला आल्या होत्या, आणि बघितली ती डबी.

"ह्यात काय हाय गं?"

"गाठ हाय तिची."

"आगं बया! कापलेलं दुखणं घरात आनलंस? आन् ते बी देवाच्या फळीवर? पुन्हा अंगात शिरंल की ते! दे हिकडं. मण्णिगे होगलि. मातीला जाऊ दे."

आणि मी दिली. वर स्वच्छ फडकं बांधून दिली. लेक आत झोपली होती, तिला विचारलं नाही. जाऊबाईंपुढे मान हलवायची चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. रिपोर्ट धड इकडचा ना तिकडचा. त्यांनी कागदावर गोल काढून समजावलं. गाठीभोवती एक वेष्टण असतं. आतल्या पेशी वेड्यावाकड्या झाल्यात आणि एका जागी वेष्टणात घुसल्यासारख्या दिसतात. पण पार बाहेर पडल्यात का, ते ठाम सांगता येत नाही.

"म्हणून गाठीतली जनुकं तपासू. बिघाड कुठला आहे ते कळलं, तर उरलेली अर्धी ग्रंथी ठेवायची की काढायची हे ठरवायला आधार मिळेल."

मी घाबरून विचारलं, "बिघाड माझ्याकडून आला का हो तिला?"

"नाही आजी. असे बिघाड बहुतेक वेळा त्या गाठीतच होतात, आईबापाकडून येत नाहीत. तुम्ही ते मेणाचे चौकोन तेवढे आणा."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

दुसऱ्याच दिवशी मी गावी, शेतात. अक्कांनी काठीने जागा दाखवली, तर तिथे नुकताच ट्रॅक्टर फिरलेला!

"हितंच पुरलं हुतं. डबीतनं काढून, एकेक. प्लास्टिक मातीत कुजत न्हाय म्हनून डबी टाकली."

"लई शानपन केलंत!" चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले.

"आन् तू कशाला दिलीस मग? तुझं त्वांड शिवलं हुतं व्हय?"

मी खुरपं जोरात मारलं. दुपारपर्यंत मी आणि अक्का ढेकळं फोडत होतो. तीन चौकोन सापडले, दोन नाहीत. तीन धुऊन, पुसून दवाखान्यात नेले. नंबर लावून बघितल्यावर कळलं, ती संशयाची कड ज्यात होती तो चौथ्या नंबरचा. तो आमच्याकडे नव्हता. त्यांच्याकडच्या काचेवर त्याचा पातळ पापुद्रा होता, पण तपासणीला तेवढा पुरत नाही म्हणाले. मी खिडकीशी जाऊन त्या माणसाशी भांडले. तो म्हणाला, "जपून ठेवा म्हटलं होतं की आजी." म्हटलं होतंच मेल्याने.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाट बघू, दर सहा महिन्यांनी तपासत राहू. नाहीतर उरलेली बाजूही काढू, मग जन्मभर रोज सकाळी उपाशीपोटी गोळी.

"काढा," लेक म्हणाली. "असंल का, नसंल का, करत मला जगता यायचं न्हाय."

काढली. रिपोर्ट आला. दुसरी बाजू पूर्ण निरोगी, एक पेशी वाकडी नाही.

अक्का पेढे घेऊन आल्या. "देवानं राखलं गं! सगळं निर्मळ निघालं."

"निर्मळ हुतं ते गळ्यात ऱ्हायला पायजे हुतं अक्का! ते कापून टाकलं, त्याचे पेढे वाटता?"

मला कळतं, तपासणीत वाईटच निघालं असतं तर काढावीच लागली असती. पण ते त्या गाठीलाच विचारायची सोय होती, आणि ती आम्ही दोघींनी मातीत घातली. अक्कांनी पेढा पुढे धरलेला हात मागे घेतला नाही. मी तोंड फिरवलं.

"अव्वा, दोड्डव्वा," लेक पलंगावरून म्हणाली, आवाज अजून घोगरा, "भांडायचं तर भाईर जाऊन भांडा. गळा माझा गेलाय, तुमचा न्हाय."

आम्ही दोघी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. पेढ्यांचा पुडा मधे.