मे महिन्यातला डेलिया

उन्हाळ्यात कोल्हापुरात डेलिया लावणाऱ्या माणसाकडं फुलं नसतात, किस्से असतात. फूल आलंच तर बटणाएवढं येतं आणि दुपारपर्यंत मान टाकतं. किस्सा मात्र टिकतो. असे किती साठलेत याचा आता आम्हालाच पत्ता नाही. दर रविवारी सकाळी आम्ही चौघं कुणाच्या तरी गच्चीवर जमतो, चहा पितो आणि कुणाचं काय मेलं ते एकमेकांना सांगतो. बघणाऱ्याला वाटतं, ही मंडळी मजा करायला जमतात. खरं सांगायचं तर आता हसायलाही दम लागतो.

चौघं म्हणजे पहिले कांबळे सर, हायस्कूलात सायन्स शिकवून रिटायर झालेले. कसबा बावड्यात त्यांचं घर, आणि आमच्या सगळ्या खुळाचं मूळ त्यांच्याच गच्चीवर. दुसरे तात्या, कोडोलीचे. जन्मभर ऊस केला आणि आता मुलाकडं बावड्यात राहायला आलेत. तिसरी शैलजा, आमच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवते. चौथी मी. पोस्टाच्या काउंटरवर नोकरी झाली, गुडघे गेले, आणि हातात खुरपं आलं.

*

सरांनी पहिला कंद आणला तेव्हा नर्सरीवाल्यानं स्पष्ट सांगितलं होतं, "सर, हे थंडीचं फूल. उन्हाळा लागला की कंद काढून सावलीत ठेवायचा. पाऊस सरला की परत लावायचा."

सरांना ते पटलं नाही. "मूळचं मेक्सिकोचं झाड हे. तिथं काय बर्फ पडतो?"

एप्रिलात त्यांनी काळ्या प्लास्टिकच्या सहा कुंड्या गच्चीवर ओळीनं मांडल्या. दुपारी बाराला झाडं माना टाकायची. सर टाकीच्या नळाला पाइप लावून पाणी घालायचे. झाडं आणखी मलूल व्हायची. सर आणखी पाणी घालायचे. आठवडाभर हे चाललं. मग एके दिवशी पाइप निसटला आणि पाणी त्यांच्या पायावर पडलं.

सर दोन-दोन पायऱ्या एकदम उतरून खाली आले. मी त्यांच्या मिसेसबरोबर बोलत बसले होते. पाय पुसत सर म्हणाले, "ताई, मी झाडांना पाणी घालत नव्हतो. चहा टाकत होतो."

सहाच्या सहा गेली. नंतर कधीतरी त्यांनी सांगितलं, की मेक्सिकोत हे झाड उंच डोंगरावर, गारव्यात वाढतं. "तेवढं पान वाचायचं राहिलं."

*

तात्यांनी ऐकलं आणि हसले. एवढा ऊस केलेला माणूस, एका फुलझाडाचं ते काय! त्यांनी घरामागं, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, एका ड्रमात चार कंद लावले आणि उसाला देतात तसं भरपूर पाणी दिलं. ड्रमाला खाली भोक पाडायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात घरात वास सुटला. तात्यांच्या मिसेस, आमच्या काकी, म्हणाल्या, उंदीर मेलाय. मग शोध सुरू झाला. माळा रिकामा केला. फ्रीज ओढला. मुलगा सुट्टी काढून सोफ्याखाली शिरला. सुनेनं धान्याची पोती उन्हात काढली. दोन दिवस घर उलटंपालटं, उंदीर सापडेना. जेवताना सगळे नाकाला पदर आणि रुमाल लावून बसायचे.

तिसऱ्या दिवशी सर सहज आले. खिडकीतून त्यांना ड्रम दिसला. मागं जाऊन त्यांनी मातीत बोट घातलं, बाहेर काढलं, वास घेतला आणि शांतपणे हाक मारली, "तात्या, उंदीर सापडला."

कंदांचा पार लगदा झाला होता. काकी आठ दिवस बोलल्या नाहीत. तात्या आम्हाला म्हणाले, "पाणी कमी पडलं तर ऊस मरतोय. ह्यो गडी पाणी पिऊन मरतोय. असल्या पावण्याची सरबराई करायची तरी कशी?"

*

आता माझं. एका वर्षी मी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं. उन्हाळ्यात झाडांशी झुंजायचंच नाही. वेळेवर कंद काढले, वाळवले आणि ओट्याखाली टोपलीत लाकडाच्या भुश्यात पुरून ठेवले. तीन जातींचे. त्यातला जांभळा सरांनी मला दिलेला, त्यांच्याकडचा शेवटचा. "ताई, तुमच्याकडं टिकेल," म्हणाले होते.

आषाढी एकादशीला नेसरीहून माझी नणंद, आक्का, आली. मी बँकेत पासबुक भरायला गेले होते. परत आले तर आमचे हे पाटावर बसून खात होते.

"यंदाची रताळी जरा पाणचट आहेत," हे म्हणाले.

मी ओट्याखाली बघितलं. टोपली धुऊन पालथी घातलेली. आक्का कौतुकानं म्हणाली, "भुसा पार चिकटला हुता गं, चांगली घासून घेतली."

रागवायचं अंगात त्राण नव्हतं. खुर्चीवर बसले आणि सरांना फोन लावला, विषबाधा तर होणार नाही ना म्हणून. सर म्हणाले, "काळजी करू नका. त्यांच्या देशात, मेक्सिकोत, खातात ते." मग थोडं थांबून विचारलं, "जांभळासुद्धा?"

"जांभळासुद्धा."

 सर म्हणाले, "चवीला कसा होता ते तरी विचारून ठेवा."

पुढच्या वर्षी एकादशीच्या आधी आक्काचा फोन आला. "वैनी, ती तसली रताळी मिळत्यात का गं अजून? पोटाला लई हलकी हुती."

*

शैलजाचं डोकं आमच्या तिघांपेक्षा चालतं. तिनं मातीच्या कुंड्या घेतल्या, वर उसाच्या पाचटाचा थर दिला, सकाळी सहाच्या आत पाणी घातलं आणि गच्चीवर बांबू उभारून हिरवी जाळी बांधली. मे उजाडला तरी झाडं उभी. आम्ही तिघं जाऊन बघून आलो. तात्यांनी पानाला हात लावून बघितला, खरं आहे का म्हणून.

मग एका दुपारी वळीव आला. दहा मिनिटं वारं सुटलं आणि जाळी बांबूंसकट गेली. शैलजा पिठानं माखलेली तशीच गल्लीभर हिंडली. शेवटी चार घरं सोडून एका नव्या गाडीवर जाळी सापडली. व्यवस्थित पसरलेली, जणू मापानं शिवलेली.

गाडीचा मालक दारातच उभा होता. शैलजा म्हणाली, "दादा, जाळी माझी हाय. काढून न्हेतो."

त्यानं गाडीकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं. "ऱ्हाऊ द्या की आजचा दिवस. गाडीला सावली बरी पडलीया."

"आणि माझी झाडं?"

"झाडं काय हो, उन्हातच असत्यात."

जाळी संध्याकाळी मिळाली. तोवर झाडांचं व्हायचं ते झालं होतं. त्या रविवारी चहा घेताना आम्ही सरांना विचारलं, की एवढं करूनही हे जगत का नाही? सर म्हणाले, "जाळी असली की दिवसाचं ऊन झाड सोसतं हो. पण रात्रीही उकडत राहिलं की त्याला विश्रांती मिळत नाही. मग ते थकतं. रोग नाही, कीड नाही. नुसतं थकतं."

 चौघांनाही ते झाडाबद्दलच आहे असं वाटलं नाही.

*

गेल्या वर्षी मात्र सरांच्या एका झाडाला मेमध्ये कळी धरली. एकच झाड वाचलेलं आणि एकच कळी. आणि त्याच आठवड्यात सरांच्या छातीत दुखलं. तपासण्या झाल्या, बायपास ठरली.

दवाखान्यात जाताना सरांनी गच्चीची किल्ली तात्यांच्या हातात दिली. सोबत एक कागद. पाणी किती, कधी, सावलीची चटई कुठल्या बाजूला सरकवायची, पानांच्या खालून लाल कोळ्यांची बारीक कीड कशी धुवायची. तब्येतीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

आम्ही तिघांनी पाळ्या लावल्या. रोज पहाटे सरांच्या गच्चीवर. मी कठडा धरून एकेक पायरी चढायची. कळी सुपारीएवढी झाली, मग लिंबाएवढी. टोकाला लाल रंग दिसायला लागला. सर दवाखान्यातून रोज सकाळी फोन करायचे आणि फक्त कळीचं विचारायचे.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी मी वर गेले तर कळी काळी पडून मातीत गळली होती. हात लावला तर पहाटेही गरम लागली. मी शैलजाला आणि तात्यांना बोलावून घेतलं. आम्ही तिघं कुंडीभोवती उभे, तोच सरांच्या मिसेसचा फोन आला. त्यांचा आवाज बसला होता. "उद्या सकाळी आत घेणार आहेत. ते कालपासून जेवले नाहीत. म्हणतात, कळी उमलली का विचार."

मी म्हटलं, "उमलतेय. फोटो पाठवते." फोन ठेवला.

शैलजा म्हणाली, "ताई, खोटं बोललासा."

तात्या म्हणाले, "बोलली तर बोलली. आता फोटू हुडका."

माझ्या मोबाइलमध्ये जानेवारीतला एक फोटो होता. त्याच गच्चीवरचा, त्याच कुंडीतला, ताटलीएवढा लाल डेलिया. मी तो पाठवला. लगेच दोन निळ्या खुणा आल्या. सरांनी बघितला होता.

शैलजा माझ्या खांद्यावरून फोटो निरखत होती. तिनं दोन बोटांनी तो मोठा केला. "ताई, मागं दोरीवर काय हाय ओ हे?"

फुलाच्या मागं, कपड्यांच्या दोरीवर, सरांचा चॉकलेटी स्वेटर वाळत घातलेला. लांब बाह्यांचा, गळाबंद. जानेवारीतला.

तात्या कुंडीच्या कडेवर बसले. तेवढ्यात सरांचं उत्तर आलं. "झकास. पाकळ्या घट्ट आहेत. आता जेवतो."

ऑपरेशन नीट झालं. तो फोटो सरांनी डॉक्टरांना दाखवला, नर्सना दाखवला, शेजारच्या पलंगावरच्या पेशंटला दाखवला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा एका नर्सनं आमच्याकडं कंद मागितला. आम्ही मान खाली घालून हो म्हणालो. सर डोळे मिटून पडले होते.

महिन्यानं डॉक्टरांनी जिना चढायला परवानगी दिली. सर मधेमधे थांबत वर आले, मिसेस मागून, आम्ही तिघं त्यांच्याही मागून. गच्चीवर कुंडीत एक वाळकी काडी उभी होती. सर तिच्यासमोर उभे राहिले. दम खात राहिले. तात्यांनी घसा खाकरला. 

सरांनी वळून रिकाम्या दोरीकडं बघितलं.

"तात्या," ते म्हणाले, "माझा स्वेटर वाळला का?"