पहिल्या ओळीतलं नाव

मी शहरातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. शेंद्र्याच्या एका कारखान्याची प्रेस नोट घेऊन दर मंगळवारी एक गृहस्थ यायचे. कागदाची घडी तळहातानं सपाट करून तो माझ्यापुढं ठेवायचे आणि उभ्यानंच सांगायचे, "महत्त्वाचं सगळं वर घेतलंय, साहेब. जागा नसली तर खालून कापा."

एकदा मात्र ते आल्या आल्या खुर्चीत बसले. आदल्या दिवशी फुलंब्रीचा एक कामगार कारखान्यात मशीनमध्ये सापडून वारला होता. मालकांनी दिलेल्या मजकुरात आधी नव्या विभागाचं उद्घाटन होतं, आणि हे मरण शेवटच्या ओळीत, नावाशिवाय. यांनी नोट नव्यानं टाइप करून आणली होती. तिची सुरुवातच त्या कामगाराच्या नावानं होती.

"मालकांना दाखवलीत?" मी विचारलं.

"नाय. पण खाली ठेवलं असतं तर तुम्ही कापलंच असतं ना?"

मी बातमी तशीच छापली.

पुढच्या मंगळवारी नोट घेऊन दुसराच माणूस आला. त्या गृहस्थांची चौकशी करायला मी तोंड उघडलं आणि थांबलो. इतक्या वर्षांत मी त्यांना नाव विचारलंच नव्हतं.