हळदीवरची ओली रेघ

आईच्या दुखण्यात मल्लण्णावरचा माझा भरवसा हलला होता. ही गोष्ट मी घरात कुणाला बोलून दाखवली नाही, मला तसं बोलताही येत नाही. आम्ही धनगर, मैलारचा मल्लण्णा, म्हणजे खंडोबा, आमचं कुळदैवत. आईला गुलबर्ग्याच्या दवाखान्यातून घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा मी अनवाणी मैलारला जाऊन आले. तिला अजून राहू दे, एवढंच मागितलं. तिथून पदराच्या गाठीत भंडारा आणला, आईच्या कपाळाला लावायला. पण माहेराहून, मुडबीहून निरोप यायचे ते वाईटच. आईनं भाकरी सोडली, मग पेज सोडली. शेवटी एक माणूस कमठाण्याला आमच्या घरी आला आणि म्हणाला की म्हातारी आता पाणीही घेत नाही, तोंड मिटून घेते आणि तुझं नाव घेते.

दुपारची बस निघून गेली होती. आमचे हे बिदरच्या एका अडत व्यापाऱ्याची मोटार चालवत. ती जुनी, लांबलचक विलायती गाडी हैदराबादच्या कुण्या नवाबाच्या घरातून आलेली. तिचं स्टिअरिंगचं चाक तेलाच्या जोरावर फिरायचं. तेल असलं की बोटानं वळायची, तेल गेलं की दोन गड्यांनाही हलायची नाही. आणि त्या तेलाच्या नळ्या जुन्या होऊन गळत होत्या. यांचा उजवा हात लहानपणी मोडून वाकडा बसलेला, म्हणून तेलाचा डबा ते नेहमी जवळ ठेवत. शेठजींनी गाडी न्यायला सांगितलं. मी मागच्या सीटवर अंग चोरून बसले. एवढ्या मोठ्या गाडीत आईकडं जायची वेळ अशी यावी, याचंच रडू येत होतं.

हुमनाबाद मागं पडलं आणि गाडी कण्हायला लागली. एका वळणावर चाक अडलं. यांनी सगळं अंग टाकून ते फिरवलं तरी गाडी रस्ता सोडून खाली मुरमात उतरली. खाली लाल तेलाचे थेंब पडत होते, कुंकू कालवल्यासारखे. हे गाडीखाली शिरले, जिथून थेंब पडत होते तिथला नट त्यांनी आवळला. थेंब थांबले नाहीत. पुन्हा आवळला, तरी तेच. डब्यात थोडंच तेल उरलं होतं. ते ओतलं आणि तेही गळून गेलं, तर पुढची वाट बंद. हे डबा हातात धरून नुसते उभे राहिले. त्यांना इतकं हतबल मी कधी पाहिलं नव्हतं.

ऊन उतरायला लागलं होतं. मला मिटलेलं तोंड दिसत होतं आईचं. पोचलेच नाही तर हा भंडारा कुणाच्या कपाळाला लावू, असं मनात आलं. आमच्यात वाटेला लागताना गाडीवर, बैलांवर भंडारा टाकतात. निघायच्या घाईत तो टाकायचा राहिला होता. मी गाठ सोडली आणि होता तेवढा भंडारा उघड्या इंजिनावर, त्या नळ्यांवर उधळला. भक्ती म्हणून नव्हे. दुसरं काही हातात नव्हतं म्हणून.

“कामून टाकलीस हे?” हे कळवळून म्हणाले. “आधीच कळंना झालंय, त्यात ही धूळ!” आणि फडकं घेऊन पुसायला वाकले.

तेवढ्यात एक लॉरी थांबली. पिकल्या दाढीचा ड्रायव्हर उतरून आला. इंजिन पिवळं झालेलं बघून त्याला हसू आलं. “काय भाबी, गाडीला हळद लावायलाव व्हय? लगीन कुणासंगं?” माझ्या डोळ्यांकडं लक्ष गेलं तसं त्याचं हसू गेलं. हिची आई वाट बघतेय, एवढं यांनी त्याला सांगितलं. यांच्या हातातलं फडकं धरून तो म्हणाला, “नक्को, पुसू नक्को भाई. इंजिन चालू करा.”

यांनी उरलेल्यातलं थोडं तेल ओतलं, इंजिन चालू केलं, चाक जरासं फिरवलं. मी आणि तो ड्रायव्हर वाकून बघत राहिलो. खालच्या नटाजवळचा भंडारा कोरडाच होता. वर, जिथं कुणी बघितलंच नव्हतं, तिथं एका रबरी नळीच्या टोकाशी पिवळ्यात एक ओली, काळपट रेघ उमटली आणि नळीच्या पाठीमागून खाली सरकली.

“तेल गळायलंय वर, पडायलंय खाली,” तो म्हणाला. “तुमी पडत्या जागीच आवळायलाव.”

नळीचं चिरलेलं टोक त्यानं चाकूनं कापलं, उरलेली नळी ओढून पुन्हा बसवली आणि आपल्या लॉरीतली एक पट्टी आणून वर घट्ट आवळली. राहिलेलं तेल ओतलं. थेंब थांबले. यांनी नाव विचारलं, चहाला चला म्हणाले. तो म्हणाला, “आधी अम्माकडं जावा.” आणि गेला. त्या वाटेनं पुष्कळ लॉऱ्या जातात. त्यातली एक थांबली, एवढंच मी सांगू शकते.

मुडबीत शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. भाऊ दारातच होता. “अक्का, ये. तुझ्यासाठीच जीव धरून हाय बघ.” आत सगळ्यांनी वाट करून दिली. आईचे ओठ वाळून पांढरे झाले होते. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिनं डोळे उघडले नाहीत. माझा हात चाचपला, बांगड्यांवरून बोटं फिरवली, तेव्हा तिला कळलं असावं.

“पानी दे ग,” ती म्हणाली.

सगळ्यांच्या हातून नाकारलेलं पाणी तिनं माझ्या ओंजळीतून घेतलं. एक घोट, मग अजून अर्धा. तिसरा ओठांवरून ओघळला. मी तो पदरानं पुसला, तेव्हा ती गेली होती.

मी तिचं आयुष्य मागितलं होतं. ते मिळालं नाही. पुष्कळ दिवस मी मल्लण्णाशी मनातल्या मनात भांडत राहिले. मग हळूहळू जाणवलं की आईच्या मनात काय होतं ते मी कधी विचारलंच नव्हतं. तिला अजून जगायचं नव्हतं, तिला लेकीच्या हातचं पाणी हवं होतं. मागणं तिचं होतं आणि ते पुरं झालं. मी फक्त त्या मागण्यापर्यंत नेली गेले.

आता मैलारला गेले की मी पायरीवर डोकं टेकते आणि एकच शब्द म्हणते, पोचव. कुठं, ते सांगत नाही.